वहिनींची काळी नखं: एका ट्रेल बुटाच्या निवडीचं प्रकरण

सह्याद्रीत पळण्यासाठी बूट घ्यायचे म्हटलं की पहिली अडचण डोंगराचीच येते. जुलैत जी वाट चिखल आणि शेवाळाची असते, ती ऑक्टोबरात गवताने झाकून जाते आणि डिसेंबरात तिच्यावर मुरमाचा घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी खडी, सुटलेला असतो. सराव पावसाळ्यात होतो, शर्यती मात्र बहुतेक हिवाळ्यात. कंपन्या चिखलासाठी वेगळा बूट काढतात, खडकासाठी वेगळा, लांब पल्ल्यासाठी आणखी वेगळा. आपल्याकडे साधी जोडीही काही हजारांना पडते आणि नावाजलेली त्याहून कितीतरी महाग असते. त्यामुळे घरात एकच जोडी येते आणि तिने सगळं करावं अशी अपेक्षा असते.

हे प्रकरण माझ्या वहिनींचं, त्यांच्या परवानगीने मांडतोय. वय 43, बँकेत नोकरी, राहायला पुण्यात सिंहगड रोडला. रस्त्यावरच्या अर्धमॅरेथॉन त्यांनी बऱ्याच केल्या आहेत. डिसेंबरातली 25 किलोमीटरची डोंगरातली शर्यत त्यांनी ठरवली, तळाला खोल रबरी दात असलेले ट्रेल बूट, म्हणजे डोंगरवाटांवर पळायचे बूट, घेतले आणि मेपासून सिंहगड सुरू केला. जूनच्या शेवटी त्यांच्या दोन तक्रारी होत्या. उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडत होती, आणि ओल्या दगडावर पाय ठरत नव्हता.

"भावोजी, आधीच एक नंबर मोठा घेतलाय. आता आणखी किती मोठा घेऊ? होडीच घेऊन येते सरळ."

तक्रार लांबीची, दुखणं रुंदीचं

नख काळं पडतं ते नखाखाली रक्त साकळल्यामुळे. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा समोरच्या भिंतीवर आपटतो. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड उतरताना सुमारे 600 मीटर उंची खाली यायची असते, म्हणजे अंगठ्याला हजारो टोले. हे कळलं की कोणीही सांगतो, बूट लहान आहे, मोठा घ्या. वहिनींना दुकानातही हेच सांगितलं होतं. रस्त्यावर त्या युके 6 वापरायच्या, इथे त्यांनी 7 घेतला.

युके मापात एका नंबराचा फरक इंचाचा एक तृतीयांश असतो, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. ही आकडेमोड कंटाळवाणी वाटेल, पण इथेच गाठ सुटली. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर दोन्ही पावलं आखली. उजवं 24.6 सेंमी, डावं 24.2. बुटाच्या जिभेवर 26 सेंमी छापलेलं. उजव्या पायालाही पुढे निदान 14 मिलिमीटर मोकळे. अंगठ्याच्या पुढे सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर जागा पुरते. मग लांबी कमी कशी म्हणायची?

इनसोल, म्हणजे बुटातला सुटा मऊ तळ, बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि वहिनींना त्यावर उभं केलं. ही तपासणी फुकट आहे आणि कुठल्याही दुकानात करता येते, तरी फार कोणी करत नाही. पाऊल इनसोलच्या पुढच्या टोकापासून चांगलं आत होतं, पण चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं, करंगळी तर जवळजवळ अर्धी जमिनीवर. त्यांचा चवडा 10 सेंमी रुंद आहे. बायकांच्या बुटांची नेहमीची रुंदी त्याला पुरत नाही.

पुढचा उलगडा त्यांच्या लेस बांधण्याच्या पद्धतीतून झाला. चवडा आवळतो म्हणून त्या खालच्या तीन ओळी सैल सोडायच्या. शिवाय नंबर मोठा असल्याने बूट वरच्या बाजूलाही ऐसपैस, पायाचा उंचवटा धरून ठेवणारं काहीच नाही. चढताना आणि सपाटीवर ते खपून जातं. उतार लागला की सगळं पाऊल पुढे घसरतं, आणि पुढे जागा जास्त असल्याने जास्त वेगाने जाऊन आदळतं. रुंदीचं दुखणं लांबीने बरं करायला गेल्यामुळे ते वाढलं होतं.

खात्री करायला सोसायटीच्या पार्किंगचा उतार कामी आला. मोज्याच्या टोकाला निळा खडू घासला, बूट घालून वहिनी उतारावरून पाय आपटत, मध्येच थबकत खाली आल्या. मग बुटाच्या आत, अगदी टोकाशी, पांढरा टिश्यू फिरवला. निळा डाग ठसठशीत. मग लेस वरच्या जादा भोकातून वळवून टाच घट्ट पकडणारी गाठ मारली. डाग फिका झाला, पण चवड्याची कळ करंगळीपर्यंत गेली. गाठीने अर्धा आजार आवरला, उरलेला अर्धा त्या बुटात बरा होण्यातला नव्हता. वॉचमनकाका हे सगळं गंभीरपणे बघत होते.

दुकानात किती कळतं

दुकानात मऊपणा कळतो, रंग कळतो आणि किंमत कळते. गुळगुळीत फरशीवर दहा पावलं टाकून ट्रेल बुटाबद्दल फार काही समजत नाही. तरी जे समजतं ते नीट बघून घ्यावं. वहिनी संध्याकाळी गेल्या, पळतानाचेच मोजे घालून गेल्या आणि कागदावरची आखणी सोबत नेली. विक्रेता मुलगा आधी हसला, पण नंतर स्वतःहून इनसोल काढून द्यायला लागला.

यादीतून बरंच काही लगेच गळलं. पाणी आत येऊ न देणारं अस्तर असलेली जोडी वहिनींना पावसाळ्यासाठी हवीशी वाटत होती. आपल्या पावसात त्याचा उपयोग उलटा होतो. ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि ते अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही. उघड्या जाळीचा बूट लगेच भिजतो, पण पुढच्या चढावर चालता चालता निथळतो. थंड कोरड्या मुलखात, दवावर किंवा बर्फावर पळणाऱ्यांसाठी ते अस्तर ठीक आहे.

शून्य ड्रॉपची जोडी रुंदीला अगदी हवी तशी होती. ड्रॉप म्हणजे टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. वहिनींचे रस्त्यावरचे बूट 10 मिलिमीटरचे. तिथून एकदम शून्यावर आलं की पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांच्यावरचा ताण वाढतो. शरीर त्याला सरावतं, पण त्याला महिने द्यावे लागतात. जुलैत सुरुवात करून डिसेंबरात 25 किलोमीटर पळायचे असताना हा प्रयोग नको, असं ठरलं. वर्षभर हाताशी असतं तर कदाचित तीच जोडी घेतली असती.

खरी वाट सापडली पुरुषांच्या फळीवर. अमेरिकी पद्धतीत पुरुषांची नेहमीची रुंदी डी आणि बायकांची बी धरतात, म्हणजे त्याच लांबीत पुरुषांचा बूट चवड्याला रुंद. युके नंबर बहुधा दोघांना एकच लागू असल्याने शोधायलाही सोपं. पुरुषांचा साडेसहा वहिनींच्या चवड्याला बसला आणि इनसोलवर करंगळी आत राहिली. टाच किंचित सैल वाटली, कारण पुरुषांच्या साच्यात टाचही रुंद असते. ती मात्र गाठीने आवरली. वहिनींची खरी हरकत रंगावर होती. "काळा आणि करडा. तुम्हा लोकांना दुसरे रंग माहीत नाहीत का?"

डबा हातात आहे तोवर एक गोष्ट बघून घ्यावी. एमआरपीच्या लेबलावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मोठ्या सवलतीत मिळणारी जोडी कधीकधी बरीच वर्षं गोदामात पडलेली असते, आणि दमट हवेत गोंद कुजतो. पॉलियुरेथेनचा सोल तर न वापरताही भुगा होतो. गडाच्या निम्म्या वाटेत सोल जबडा उघडून बसला आणि तो सुतळीने बांधून माणूस खाली आला, ही कथा प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपकडे असते.

दोन जोड्या घरी आल्या. त्यातली एक मित्राकडून काही दिवसांसाठी, वापरलेली, पण नेमक्या त्याच मापाची. तिला जाड म्हणू: टाचेखाली 30 मिलिमीटरहून जास्त फोम, 4 मिलिमीटर ड्रॉप, चिकट रबर, 5 मिलिमीटरचे दात. दुसरी मधली: फोम बेताचा, ड्रॉप 6, दात 4 मिलिमीटरचे, रबर तसंच चिकट. आणि वहिनींची जुनी जोडी होतीच, 6 मिलिमीटरच्या खोल दातांची.

ओला कातळ

जास्त दात म्हणजे जास्त पकड, हा समज फार पक्का आहे. चिखलात तो खरा आहे. दात रुततात आणि मातीला मागे रेटतात, खिळ्यासारखे. दात विरळ असतील तर चिखल गळून पडतो, दाट असतील तर बुटाला लगडतो आणि पायात किलोभर माती घेऊन पळावं लागतं. कातळावर मात्र रुतायला जागाच नाही. तिथे फक्त दातांची टोकं टेकतात. जितके खोल आणि विरळ दात, तितकं दगडाला टेकणारं रबर कमी. शिवाय उंच दात वजनाने वाकतात आणि पाय हलल्यासारखा वाटतो.

उरतो प्रश्न रबराचा. मऊ रबर दगडाच्या बारीक खरखरीत दाबलं जातं आणि तिला धरतं. कडक रबर त्या खरखरीवरच तरंगतं, त्यात मध्ये पाण्याचा पातळ थर आला की संपलं. गिर्यारोहणाच्या बुटाला रबरी सोल लावण्याचं श्रेय इटलीच्या विताले ब्रामानी यांना देतात. 1935 मध्ये आल्प्समध्ये त्यांचे सहा सोबती दगावले, पायातले बूट त्या हवेला पुरे पडणारे नव्हते. 1937 मध्ये त्यांनी दातेरी रबरी सोल आणला. त्यांच्या नावातून झालेला व्हायब्रम हा शिक्का आज अनेक कंपन्यांच्या बुटांखाली दिसतो. पण नुसता पिवळा शिक्का बघून भागत नाही, कारण त्याच नावाखाली टिकाऊ कडक रबरही येतं आणि ओल्या दगडासाठीचं मऊ मेगाग्रिपही. कोणतं ते विचारून घ्यावं.

आपल्याकडचा दगड बेसाल्ट. ताजा तुटलेला असेल तर छान खरखरीत, पण सिंहगडाच्या वाटेवर वर्षानुवर्षं पावलं पडून काही टप्पे देवळाच्या उंबऱ्यासारखे झिजले आहेत. चाचणी तिथेच घेतली, एका बेताच्या उताराच्या ओल्या कातळावर. खाली दरी नाही, पडलं तर बूड शेकेल इतकंच.

दोन जोड्यांची तुलना आठवणीवर करू नये. आज पाऊस कमी, काल जास्त, काल पाय दमलेले, आज ताजे. म्हणून एका पायात जुना खोल दातांचा बूट, दुसऱ्यात मधला, आणि थोड्या वेळाने अदलाबदल. दोन्हींची जाडी वेगळी असल्याने असं पळता येत नाही, लंगडल्यासारखं होतं. पण उभं राहून, हळूहळू पुढे झुकत, कुठला पाय आधी सुटतो हे बघायला याच्यासारखा उपाय नाही. पाठीवर ताकाचा कॅन घेऊन वर निघालेल्या मावशी थांबल्या आणि पायांकडे बघत म्हणाल्या, "घाईत निघालात का हो ताई?" त्यांच्या स्वतःच्या पायात साध्या रबरी चपला होत्या आणि त्या कुठेही न घसरता पुढे गेल्या.

फरक संशय राहू नये इतका होता. खोल दातांचा पाय पहिल्या झुकण्यातच सुटायचा. मधल्या जोडीचा पाय तिथेच धरून राहायचा, टाच उचलली तरी. अदलाबदल केल्यावर दोष दुसऱ्या पायाकडे गेला, म्हणजे तो बुटाचाच होता, पायाचा नव्हे. पाच पावलांवर शेवाळलेला काळपट चकचकीत दगड होता. तिथे सगळेच बूट सारखे निघाले. शेवाळ रबराला दगडापर्यंत पोचूच देत नाही, थर स्वतःच सुटतो. तिथे कडेची माती, गवताचा बुंधा किंवा खडबडीत दगड शोधून पाय ठेवणं एवढंच हातात असतं. वहिनी पूर्वी अशा जागी थबकून मागे झुकायच्या. मागे झुकलं की वजन टाचेच्या कडेवर येतं आणि पाय हमखास निघतो. गुडघे वाकवून, पूर्ण तळवा टेकवून, छोटी पावलं टाकायला लागल्यावर त्यांचं घसरणं जुन्या बुटातही बरंच कमी झालं. हे निरीक्षण बुटाच्या अभ्यासाला थोडं अडचणीचं आहे, पण आहे.

चिखलात निकाल उलटा लागला. गडाखालच्या मातीच्या वाटेवर जुनी जोडी बैलासारखी चालली आणि मधली सरकत होती.

जाड की मधली

जाड जोडीच्या वहिनी प्रेमात पडल्या होत्या. वेताळ टेकडीवर, मुरूम आणि सुट्या खडीच्या वाटेवर, त्यात पळताना खालचे खडे जाणवतच नव्हते. लांब पळून आल्यावर तळवे ताजे. निर्णय जवळजवळ झाला होता.

तो बदलला आडव्या वाटेवर. कात्रज ते सिंहगड या धारेवर कितीतरी टेकाडं एकामागून एक चढा-उतरायची असतात, आणि मध्ये डोंगराच्या कुशीला चिकटून जाणाऱ्या, एका पावलाच्या रुंदीच्या गुरांच्या वाटा लागतात. तिथे बुटाची एक कड वर असते, एक खाली. पाय जमिनीपासून जितका उंच, तितकी घोट्याला कलंडवणारी ताकद जास्त, त्यात फोम मऊ असेल तर खालची कड आणखी दबते. थकल्यावर वहिनींचा उजवा घोटा एकदा चांगलाच मुडपला. सूज आली नाही, पण नंतर त्या प्रत्येक आडव्या टप्प्यावर चालायला लागल्या. मधल्या जोडीत त्याच वाटेवर पळत गेल्या.

माझं मत इथे ठाम आहे. रुंद, मुरलेल्या वाटांवर दिवसभर पळायचं असेल तर जाड फोम जरूर घ्यावा. सह्याद्रीच्या धारेवर नवख्या माणसाने पायाला जमीन कळेल असा बूट घ्यावा. तळवे दुखलेले परवडतात.

आणि तळवे दुखलेच. मधल्या जोडीत खडक टोचू नये म्हणून घालतात ती पातळ पट्टी नव्हती, आणि दोनेक तासांनंतर टोकेरी दगड थेट कळायचे. इनसोल बदलून पाहिला, पण जाड इनसोलने पाय वर उचलला गेला, वरची जागा कमी झाली आणि टाच सुटायला लागली. मूळचाच परत घातला. हा दोष माहीत असूनच मधली जोडी ठेवली.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फार काही घडलं नाही. नवी नखं फुटू लागली. सुती मोजे बंद झाले, कारण ओला सुती मोजा पायाला चिकटून सोलतो. धुतलेले बूट गॅलरीच्या उन्हात किंवा हीटरसमोर ठेवायचे नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे आणि दोन-तीन तासांनी बोळे बदलायचे, हा घरचा नियम झाला. जास्त उष्णतेने गोंद सुटतो.

नोव्हेंबरात डोंगर वाळला आणि नवीनच तक्रार आली. पावसात ज्या रबराचं कौतुक केलं, ते मुरमाच्या घसाऱ्यावर काही कामाचं नव्हतं. घसाऱ्यात रबर दगडाला धरतं, पण तो दगडच खाली निघालेला असतो. इथे खोल दात थोडे बरे, तरी मुख्य उपाय पावलाचाच. पाऊल आडवं टाकायचं, कडेचा घट्ट भाग धरायचा, आणि जिथे सगळंच सुटं आहे तिथे घसरण मान्य करून तिच्याबरोबर दोन पावलं जायचं. खडे आत येऊ नयेत म्हणून घोट्यावर बसणारी कापडी पट्टी घेतली. दर किलोमीटरला बूट काढून झटकत बसणं तरी थांबलं.

शर्यतीत वहिनी निर्धारित वेळेत पोचल्या. दोन्ही अंगठ्यांची नखं शाबूत राहिली. उजव्या करंगळीला फोड आला, तो मोज्याच्या शिवणीचा निघाला. शेवटच्या मोठ्या उताराच्या आधी त्यांनी थांबून लेस पुन्हा घट्ट केली. चढताना सैल, उतरताना घट्ट, ही सवय अर्धा मिनिट खाते आणि नख वाचवते.

मऊ रबराची किंमत मात्र दिसायला लागली आहे. चवड्याखालचे पुढचे दात निम्म्यावर आलेत आणि बाहेरच्या कडेचे त्याहून कमी. डोंगरापेक्षा डांबराने ते जास्त खाल्ले, कारण गाडी लांब लावून पायथ्यापर्यंत त्या त्याच बुटांत चालत जायच्या. आता तेवढ्या अंतराला चपला असतात आणि बूट पिशवीत. त्याच मॉडेलची नवी आवृत्ती बाजारात आली आहे. वहिनींनी कागदावरची आखणी नेऊन इनसोलवर उभं राहून पाहिलं, तर या वेळी पुढचा साचा निमुळता केलेला, साडेसहात करंगळी पुन्हा बाहेर. त्यामुळे पुढची जोडी अजून ठरलेली नाही. खोल दातांची जुनी जोडी त्यांनी टाकून दिली नव्हती. जुलैत मुळशीकडे भातखाचरांच्या बांधांवरून जायचं झालं की तीच बाहेर निघते, कारण तिथे कातळ नाही, मोठा उतार नाही, नुसता चिखल आहे.